टायमिंग चेन बदलायची आहे, स्प्रॉकेटही बदलू का? (१२०० सीसी पेट्रोल, अमळनेर)

बोरीकाठ

राम राम मंडळी. सल्ला हवा आहे, जरा घाईत आहे.

गाडी २०१३ ची. चार सिलिंडर, १२०० सीसी, पेट्रोल. चार वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतली. मीटरवर १ लाख ३४ हजार किलोमीटर. माझं रोज अमळनेर ते धुळे जाणं-येणं असतं. महिनाभरापासून सकाळी पहिला सेल मारला की बेल्टच्या बाजूने खडखड येते, पत्र्याच्या डब्यात खिळे घालून हलवल्यासारखी. आधी दोन-तीन सेकंदांत थांबायची, आता पाच-सहा सेकंद टिकते. दिवसभरात पुन्हा ऐकू येत नाही. काल धुळ्याहून परतताना चेक इंजिनचा दिवा लागला. स्कॅनर लावला तर पी००१६ कोड, म्हणजे क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांचा मेळ बसत नाही. दोघांना जोडते तीच टायमिंग चेन.

एका गॅरेजवाल्याने सांगितलं, चेन सैल झाली आहे, तेवढी बदलू, स्प्रॉकेट (चेनची दातेरी चाकं) ठीक आहेत, उगाच खर्च कशाला. घराजवळचे मिस्त्री म्हणतात, चेन, क्रँकचा आणि दोन्ही कॅमचे स्प्रॉकेट, टेन्शनर (चेन ताठ ठेवतो तो), गाइड (चेन ज्यावरून सरकते ती पट्टी) सगळं एकदम बदलायचं असेल तरच गाडी आत घ्या. दोघांच्या आकड्यांत दुपटीहून जास्त फरक आहे. गाडी घेताना विकणाऱ्याने सांगितलं होतं, "बेल्ट नाही, चेन आहे, आयुष्यभर बघायचं काम नाही."

आखाजी (अक्षय्य तृतीया) अकरा दिवसांवर आली. बहिणीला शिरपूरहून आणायचं आहे. तोपर्यंत गाडी अशीच चालवू का?

सातपुडा_शहादा

भाऊ, चालवू नका. मी बी हाई भोगेल शे.

माझी टुरिस्ट गाडी होती. सकाळची खडखड मी दोन महिने ऐकली आणि ऐकून सोडली. एक दिवस प्रवासी घेऊन चाळीसगावहून कन्नड घाट चढत होतो. तिसऱ्यातून दुसरा गिअर टाकला आणि इंजिन एका झटक्यात बंद. पुन्हा सेल मारला तर इंजिन अगदी हलकं फिरायला लागलं, जणू आत काही उरलंच नाही. चेनने दाते सोडले होते, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकले होते. कॉम्प्रेशनच नाही, मग इंजिन हलकं फिरणारच. हेड उतरवलं, आठ व्हॉल्व्ह आणि त्या व्हॉल्व्हचे गाइड बदलले, एका पिस्टनवर खूण उमटली होती. चेनच्या खर्चाच्या चौपट पैसे गेले, वर हंगामातले वीस दिवस गाडी उभी. गाडीत लहान मुलं होती. घाटात मागे ट्रक होता. तो दिवस आठवला की अजून हात गार पडतात.

कोड आला आहे ना? मग गाडी दारात उभी करा. धुळ्याला एसटीने जा.

पुण्यात_खानदेशी

सेवा केंद्रात विचारलंत का? तिथे कामाची हमी मिळते.

बोरीकाठ

विचारलं. पंधरा दिवसांनंतरची तारीख देतात, आणि मजुरी माझ्या आवाक्याबाहेर आहे. सातपुडा दादा, तुमचं वाचून गाडी लावून टाकली. उद्यापासून एसटी.

लोखंड_भुसावळ

मी भुसावळला रेल्वेच्या शेडमध्ये फिटर होतो, आता निवृत्त आहे. मोटारीचं इंजिन माझा रोजचा विषय नव्हता, पण साखळी आणि दाते सगळीकडे एकाच तऱ्हेने झिजतात. म्हणून सविस्तर लिहितो.

चेन "ताणली" असं आपण म्हणतो. लोखंड रबरासारखं ताणलं जात नाही. प्रत्येक कडीत एक पिन असते, ती बुशमध्ये फिरते. ऑइलमध्ये काजळी आणि बारीक कण असले की पिन झिजते. एका कडीत केसाहूनही बारीक फट पडते. शे-सव्वाशे कड्यांच्या अशा फटी एकत्र झाल्या की चेन काही मिलिमीटर लांब होते.

आता दात्यांकडे बघा. दोन कड्यांमधलं अंतर वाढलं की चेन दात्याच्या बुडाशी बसत नाही, थोडी वर चढून बसते. वर्षानुवर्षं तशी बसल्याने दाताही तिच्या मापाने झिजतो, एका बाजूने आत खाल्ला जातो, हुकासारखा होतो. म्हणजे जुनी चेन आणि जुने दाते एकमेकांच्या सवयीचे झालेले असतात. त्या दात्यांवर नवी, अचूक मापाची चेन टाकली तर ती सगळ्या दात्यांवर सारखी बसत नाही. दोन-तीन दात्यांवरच सगळा भार येतो आणि नवी चेन लवकर खाल्ली जाते. सायकलला नुसती चेन नवी टाकून फ्रीव्हील जुनं ठेवलं की जोर लावताना पायडल कसं सटकतं, ते आपण सगळ्यांनी लहानपणी अनुभवलं आहे. तेच हे.

सगळ्यात जास्त झिजतो क्रँकचा स्प्रॉकेट. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक होतो, म्हणून क्रँकला दाते कॅमच्या निम्मे. दाते निम्मे म्हणजे प्रत्येक दात्यावर चेन दुप्पट वेळा येऊन बसते. हा स्प्रॉकेट डोळ्यांना चांगला दिसला तरी ठेवू नका. तुमच्या मिस्त्रींचं म्हणणं योग्य आहे.

सकाळीच आवाज का येतो, तेही सांगतो. टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. रात्रभर गाडी उभी राहिली की त्यातलं ऑइल खाली उतरतं. सेल मारल्यावर दाब येईपर्यंत चेन मोकळी असते आणि गाइडवर आपटते. चांगल्या इंजिनात टेन्शनरमधली रॅचेट (दांड्याला मागे सरकू न देणारी खाच) चेनला फार सैल होऊ देत नाही. तुमच्याकडे पाच-सहा सेकंद लागतात, म्हणजे चेन झिजली आहेच, शिवाय ऑइलचा दाबही उशिरा पोचतो आहे. चेंबर (इंजिनखालची ऑइलची टाकी) उतरवून आतली ऑइल गाळणारी जाळी बघायला सांगा, विसरू नका.

केळीबाग_रावेर

काका, इतकं सोपं करून कोणी सांगितलं नव्हतं. माझ्या ट्रॅक्टरच्या रोटाव्हेटरची चेन मी दोनदा बदलली, दाते तेच. दुसरी चेन एका हंगामात गेली. कारण आज कळलं.

अंजनी_एरंडोल

मला एक विचारायचं आहे. माझ्याही गाडीत सकाळी खडखड येते, पण थांबत नाही, गरम झाल्यावरही थोडी असतेच. कोड आलेला नाही. हीसुद्धा चेनच असेल का? मी रात्रपाळीला दवाखान्यात जाते, रस्त्यात बंद पडली तर पंचाईत होईल.

लोखंड_भुसावळ

ताई, आधी खात्री करा, लगेच इंजिन उघडू देऊ नका. बाहेरचा बेल्ट अल्टरनेटर, एसी आणि काही गाड्यांत पाण्याचा पंपही फिरवतो. इंजिन गार असताना मेकॅनिककडून तो बेल्ट काढून घ्या आणि फक्त दहा-पंधरा सेकंद गाडी चालू करा. आवाज गेला तर दोष बेल्टवरच्या पुलीचा किंवा बेअरिंगचा. राहिला तर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टायमिंग कव्हरवर टेकवून मूठ कानाला लावा, आवाज कुठून येतो ते स्पष्ट कळतं. हे करताना ओढणी, केस, बाही पंख्यापासून आणि पुलींपासून लांब ठेवा. कोड नाही आणि गरम झाल्यावरही आवाज राहतो, यावरून मला पुलीचा संशय जास्त आहे.

बोरीकाठ

सगळ्यांचे आभार. मिस्त्रींनाच काम दिलं. पण किटमध्ये अडचण आली. एका दुकानातून आणलेल्या किटमधल्या क्रँक स्प्रॉकेटवर खूणच नव्हती, आणि चेनवर रंगीत कड्याही नव्हत्या. मिस्त्रींनी हात न लावता परत पाठवलं. "खूण नाही तर टायमिंग कशावर मिळवायचं?" दुकानदाराने कुरकुर केली, पण घेतलं परत. दुसरीकडून कंपनीचं किट मागवलं, तीन दिवस गेले. त्यात चेन, क्रँकचा आणि एक्झॉस्ट कॅमचा स्प्रॉकेट, टेन्शनर, दोन गाइड आलं. इनटेकच्या कॅमवर व्हीव्हीटीचा गोळा (व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ मागेपुढे करणारा भाग) आहे, दाते त्यालाच, आणि तो किटमध्ये येत नाही. तो वेगळा घ्यावा लागला, आणि तोच सगळ्यात महाग. आधी तो ठेवायचा विचार होता. पण मिस्त्रींनी जुना गोळा नव्या स्प्रॉकेटशेजारी धरून दाखवला. झीज माझ्यासारख्यालाही दिसली.

उद्या पहाटे सुरुवात. दुपारी इथे ४४-४५ अंशांत पाना हातात धरवत नाही.

बोरीकाठ

पहिला दिवस. मी शेजारी बसून पाने देत होतो. पुढे कोणाला उपयोगी पडेल म्हणून सगळं लिहितो.

मिस्त्रींनी आधी शटरला ओली गोणपाटं बांधली. झळांबरोबर येणारी धूळ उघड्या इंजिनात जाऊ नये म्हणून. मग बॅटरीची निगेटिव्ह तार काढली, ऑइल आणि कूलंट सोडलं. उजवं चाक आणि आतलं प्लॅस्टिकचं कव्हर काढलं. बेल्ट काढला. चेंबरखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅक लावला आणि मगच उजव्या बाजूचं माउंटिंग सोडलं, कारण त्या बाजूला इंजिन त्याच्यावरच टांगलेलं असतं.

टॅपेट कव्हर उघडल्यावर क्रँक पान्याने घड्याळाच्या दिशेने फिरवून पहिला सिलिंडर टीडीसीवर, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर, आणला. क्रँकच्या दोन फेऱ्यांत पिस्टन दोनदा वर येतो, त्यातली बरोबर वेळ कोणती ते कॅमच्या खुणांवरून ठरतं. दोन्ही कॅमच्या खुणा जुळल्या तेव्हाच थांबले. जुन्या चेनने दाता सोडला नव्हता. सातपुडा दादा, तुमच्यामुळे मी वेळेत थांबलो.

क्रँक पुलीचा बोल्ट काढायला दोन माणसं लागली. कॅमचे बोल्ट सोडताना मिस्त्रींनी कॅमलाच असलेल्या षटकोनी भागावर पाना लावून तो धरला. चेनच्या किंवा लॉकच्या भरवशावर जोर लावला तर गाइड तुटतो, कॅमलाही इजा होते. हे त्यांनी मला दोनदा बजावलं.

टायमिंग कव्हर सीलंटने चिकटलेलं होतं. हलक्या हाताने, ठरलेल्या खाचेतूनच उचकटलं. अॅल्युमिनियमवर ओरखडा पडला की पुढे तिथूनच ऑइल गळतं.

आत बघितलं आणि पोटात गोळा आला. गाइडच्या नायलॉनमध्ये चेनने बोटभर लांब चर पाडले होते. एका टोकाचा तुकडा गायब. टेन्शनरचा दांडा जवळजवळ पूर्ण बाहेर, आणखी पुढे सरकायला जागाच नव्हती. लोखंड काकांनी सांगितलं होतं म्हणून चेंबर उतरवलं. जाळीवर काळा गाळ, आणि गाइडचा तो गायब तुकडा तिथेच अडकलेला! नुसती चेन बदलून घेतली असती तर तुकडा तिथेच राहिला असता, आणि नव्या टेन्शनरलाही ऑइल तसंच उशिरा मिळालं असतं.

लोखंड_भुसावळ

हेच बघायचं होतं. आतली सगळी बाजू पुसून घ्या. बोल्ट आत पडू नयेत म्हणून उघड्या भोकांत स्वच्छ कापड कोंबा, आणि बसवताना ते मोजून बाहेर काढा. क्रँकचं पुढचं ऑइल सील नवं टाका. क्रँक पुलीच्या बोल्टला मॅन्युअलमध्ये टॉर्कनंतर (ठरलेल्या जोराने आवळल्यावर) आणखी किती अंश फिरवायचा ते दिलं असेल, तर तो बोल्ट सहसा एकदाच वापरायचा असतो, नवा आणा.

बोरीकाठ

दुसरा दिवस, रात्रीचे साडेनऊ. कोणी जागं आहे का?

नवे स्प्रॉकेट बसले. चेनच्या तीन रंगीत कड्या तीन खुणांवर बसवल्या, गाइड लावले, टेन्शनरची पिन ओढली, दांडा बाहेर आला, चेन ताठ झाली. मग हाताने क्रँकचे पूर्ण दोन फेरे दिले. स्प्रॉकेटवरच्या खुणा जागेवर आल्या, पण चेनच्या रंगीत कड्या भलतीकडेच आहेत! पुन्हा दोन फेरे दिले, तरी नाही. मिस्त्री घरी जेवायला गेलेत. काही चुकलं का?

पाचोरेकर_सर

काही चुकलेलं नाही. शांत राहा. मी भौतिकशास्त्र शिकवतो, हे गणित करून दाखवतो. क्रँकचे दाते आणि चेनच्या कड्या मोजल्या आहेत का?

बोरीकाठ

हो सर. क्रँकला १८, कॅमला ३६. जुनी चेन मोजली, १२२ कड्या.

पाचोरेकर_सर

मग बघा. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमचा एक फेरा पूर्ण होतो, म्हणून स्प्रॉकेटच्या खुणा परत जागेवर येतात. तेवढ्यात चेन सरकली फक्त ३६ कड्या. चेनचा पूर्ण फेरा १२२ कड्यांचा. मग रंगीत कडी खुणेवर कशी येईल? ३६ आणि १२२ यांचा लसावि २१९६. त्याला १८ ने भागा, १२२ येतात. म्हणजे क्रँकचे १२२ फेरे झाल्यावर रंगीत कड्या आणि तिन्ही खुणा पुन्हा एकत्र भेटतील. रंगीत कड्या फक्त बसवतानाच्या मदतीला असतात. नंतर बघायचं ते स्प्रॉकेटच्या खुणा, आणि हाताने फिरवताना कुठे काही अडतं का ते. अडलं तर जोर न लावता थांबायचं.

आणखी एक. एक दाता चुकला असता तर खूण डोळ्यांना स्पष्ट सरकलेली दिसली असती. ३६ दात्यांत एक दाता म्हणजे कॅमचे १० अंश, क्रँकचे २०. तुमच्या खुणा जुळल्या आहेत. निवांत जेवा.

बोरीकाठ

सर, तुमचे उपकार आहेत. मिस्त्री आले, त्यांनीही हेच सांगितलं, फक्त लसावि न काढता. "रंग विसरा, खूण बघा."

बोरीकाठ

काम झालं.

कव्हरला सीलंटची सलग बारीक धार दिली, जास्त नाही, कारण आत दाबला गेलेला सीलंट सुटून पुन्हा त्याच जाळीवर जातो. रात्रभर सुकू दिलं. सकाळी नवं ऑइल, फिल्टर, कूलंट. पहिल्यांदा इंजेक्टरचे कनेक्टर काढून (पेट्रोल जाऊ नये म्हणून) सेल मारला, थांबून थांबून तीनदा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. मग कनेक्टर लावले आणि गाडी चालू केली. क्षणभर टिकटिक झाली, मग शांत. इतकी शांत की पंखा लागला तेव्हाच आवाज आला. स्कॅनरने कोड पुसला, पंचवीस किलोमीटर फिरवली, परत आला नाही.

सगळे मिळून २३ हजार रुपये लागले. त्यात व्हीव्हीटीचा गोळाच साडेसात हजारांचा, मजुरी पाच हजार. मिस्त्रींनी अडीच दिवस दिले, मजुरीवर एक रुपया वाढवून मागितला नाही. आईने त्यांना भरीत आणि कळण्याची भाकरी खाऊ घातली, तेवढं मात्र त्यांनी नाही म्हटलं नाही.

काल शिरपूरला जाऊन बहिणीला घेऊन आलो. झाडाला झोका बांधलाय.

सातपुडा_शहादा

पैसा गया ते गया, इंजिन वाचनं. आनंद झाला भाऊ.

पाचोरेकर_सर

जुनी चेन टाकून दिली नसेल तर नव्या मापाशी तुलना करून सांगाल का? वर्गात सांगायला मला हे उदाहरण आवडेल.

बोरीकाठ

आहे सर. नवी बसवण्याआधी दोन्ही एकाच खिळ्याला अडकवून बघितल्या होत्या. जुनी तीन मिलिमीटर खाली लोंबत होती. एवढ्याशा फरकाने एवढं सगळं होतं?

पाचोरेकर_सर

लोंबणारी चेन दुहेरी असते. तीन मिलिमीटर खाली म्हणजे एकूण लांबीत सहा मिलिमीटर वाढ. कडीचं माप ८ मिलिमीटर धरलं तर पूर्ण चेन ९७६ मिलिमीटरची, वाढ सहा दशांश टक्के. सैल बाजूची वाढ टेन्शनर खाऊन टाकतो. पण ओढीच्या बाजूची वाढ कोणी खात नाही, तेवढा कॅम मागे राहतो. तिथे दोन मिलिमीटर आले असं समजा. ३६ दात्यांच्या स्प्रॉकेटची त्रिज्या साधारण ४६ मिलिमीटर, म्हणून कॅम अडीच अंश मागे, क्रँकच्या हिशेबात पाच अंश. सेन्सर हा फरक पकडतात. टेन्शनरचा दांडा संपला की पुढची वाढ सैलपणात जाते, आणि मग सातपुडा भाऊंच्या घाटात झालं तसं होतं.

केळीबाग_रावेर

ऑइल किती किलोमीटरला बदलत होतात?

बोरीकाठ

मी दहा हजारांना. आधीच्या मालकाची नोंदवही मागवून बघितली, दोन नोंदींमध्ये २६ हजारांचं अंतर आहे. गाडी घेताना हे पान मी उघडून बघायला हवं होतं. नवी चेन बसल्यावर एक हजार किलोमीटरला ऑइल-फिल्टर बदलणार, जाळीतून सुटलेला उरलासुरला गाळ निघून जावा म्हणून. मग दर साडेसात हजारांना.

अंजनी_एरंडोल

लोखंड काका, तुम्ही सांगितलं तसं करून घेतलं. बेल्ट काढल्यावर आवाज पूर्ण बंद झाला. बेल्ट ताणणाऱ्या पुलीचं बेअरिंग गेलं होतं. पुली आणि बेल्ट बदलून १८०० रुपयांत काम झालं. इथल्या एकाने मला चेन बदलायचे वीस हजार सांगितले होते.

लोखंड_भुसावळ

छान झालं ताई. रात्रपाळीला निर्धास्त जा. जुनी पुली हातात धरून फिरवून बघा आणि तो आवाज लक्षात ठेवा. पुन्हा आला तर ओळखता येईल.